मामाची पत्रिका आणि तीन गावचे संडास

लेकीचं लग्न लागून तीन आठवडे झाले. पाहुणे गेले, उरलेले लाडू शाळेत वाटून झाले, तरी मी अजून दमलेलीच आहे. स्टाफरूममध्ये बाया विचारतात, "एवढी कशानं दमलीस गं? सगळं तर कार्यालयवाल्यानं केलं." त्यांना काय सांगू? मला लग्नानं नाही दमवलं. त्याच्या आधीच्या तीन दिवसांनी दमवलं.

एप्रिलच्या उन्हात आम्ही नवरा-बायको नांदेडहून निघून अहमदपूर, उदगीर करत मानाच्या पत्रिका द्यायला गेलो होतो. आता पत्रिका मोबाइलवर जातात, खरं आहे. पण हळद-कुंकू लावलेली पत्रिका हातात पडली नाही तर "आमाला कुठं बोलावणं होतं?" म्हणून मोकळी होणारी घरं आमच्याकडं अजून आहेत. अशी तीन घरं होती. तिन्ही खेड्यात.

या प्रवासात मी देऊळ पाहिलं नाही, धरण पाहिलं नाही. उदगीरचा किल्ला गाडीच्या काचेतून दिसला तेवढाच. मी पाहिले ते संडास. माझं वय छप्पन्न, उजवा गुडघा कामातून गेलेला, उकिडवं बसायचं नाही अशी डॉक्टरची ताकीद, आणि वर बीपीची ती गोळी, जी सकाळी घेतली की दुपारपर्यंत दर तासाला उठावं लागतं. अशा बाईनं खेड्यात जाऊ नये. पण मुलीची आई आहे म्हटल्यावर सांगता कुणाला!

आणि तीन पत्रिका असल्या तरी माझा जीव एकीतच अडकला होता. ती आण्णाची. आण्णा माझा थोरला भाऊ, उदगीरच्या पलीकडं आमच्या माहेरच्या गावी राहतो. नवरीला बोहल्यावर मामानं आणायचं असतं, आणि माझ्या रेवतीला मामा हा एकच. तर हा मामा आठ वर्षांत माझ्या घरी जेवलेला नव्हता. विष्णुपुरीच्या रस्त्याला आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा वास्तुशांतीला आला होता. रात्री ताटावर बसला, अर्धी पोळी खाल्ली, "पोट भरलं" म्हणून उठला, आणि सकाळी आम्ही उठायच्या आत कुणाला न सांगता निघून गेला. पिशवीसुद्धा इथंच टाकून. जेवताना आमचे हे त्याला गमतीनं म्हणाले होते, "आण्णा, आता गाव सोडा, इथंच या आमच्यात राहायला." तेच त्याला लागलं असं मी धरून चालले. तेव्हापासून हे घरात गुन्हेगार. तेव्हापासून आण्णा नांदेडला आला तरी तासभर टेकायचा, चहा घ्यायचा आणि एसटीला पळायचा. मीही मग फुगले. भाऊबीजेला जायचं, ओवाळायचं, संध्याकाळच्या आत परत. मुक्काम नाही.

त्यामुळं या खेपेला त्याला नुसती पत्रिका द्यायची नव्हती. चार दिवस आधी येतो, असं त्याच्या तोंडून वदवून घ्यायचं होतं.

अहमदपूरच्या अलीकडं

निघताना ह्यांनी डिकीत एक घडीची खुर्ची टाकली. मधोमध भोक असलेली, आजाऱ्यांसाठी मिळते ती. "कुठल्याही संडासावर ठेवायची न् बसायचं," म्हणाले. फार खुशीत होते. नवऱ्यांना असा एखादा शोध लागला की त्यांना वाटतं बायकोच्या जन्माचं कल्याण झालं.

लोहा सोडलं आणि गोळीनं आपलं काम सुरू केलं. पेट्रोल पंपावरच्या संडासाला कुलूप होतं, आणि किल्ली ज्याच्याकडं तो जेवायला गेला होता. मी काही बोलले नाही. या रस्त्यानं जाणाऱ्या बायका बोलत नाहीत, पाणी प्यायचं सोडतात. ज्यांनी तिकडचा प्रवास केला नाही त्यांना म्हणून सांगते, बेचाळीस डिग्रीच्या उन्हात घसा कोरडा ठेवून बसलेली बाई एसटीत दिसली तर तिला उपास आहे असं समजू नका.

पहिली पत्रिका ह्यांच्या चुलत काकांची. अहमदपूरच्या अलीकडं फाट्यावरून आत गाव. काकांच्या घरी पोचेपर्यंत माझी अवस्था अशी की पाया पडायला वाकायचीही भीती. काकूंच्या कानात सांगितलं. काकूंनी ते काकांना सांगितलं, आणि काकांनी अख्ख्या गल्लीला.

"आरं, पाव्हणीला संडास पायजे! भूस काढा!"

संडास होता, पक्का होता, फरशी होती. पण आत छतापर्यंत सोयाबीनचं भूस भरलेलं. चुलते, पुतणे, शेजारचे दोघं टोपली घेऊन धावले. मी ओसरीवर उभी, आणि येणारा-जाणारा विचारतोय, "काय चाललंय ओ?" आणि काका सांगतायत, "सूनबाई नांदेडहून आल्याती, त्यांना जायचंय." भूस निघालं तेव्हा कोपऱ्यात खुडूक कोंबडी निघाली, अंड्यांवर बसलेली. ती काही केल्या उठेना. काकू म्हणाल्या, "राहू द्या तिला, ती काय बोलती का कुणाला!" शेवटी मी आणि कोंबडी अशा दोघी आत. ह्यांची खुर्ची दारातनं गेली खरी, पण चार पाय टेकल्यावर माझे दोन टेकायला जागा उरली नाही. ती बाहेर सरकवली आणि भिंतीला हात लावून, देवाचं नाव घेत, गुडघ्याला शिव्या देत कसंतरी उरकलं. कोंबडीनं एकदाही नजर हलवली नाही.

जेवायला धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी होती. धपाटे असे की डोळे मिटून खावेत. काका मात्र संडासाचंच बोलून राहिले. खड्डा त्यांनी स्वतः उभं राहून खणून घेतलेला. "चौदा हात खोल हाय. बारा वर्षं झाली, भरला न्हाई."

"वापरता का पण तुम्ही?" ह्यांनी विचारलं.

"खुळे का काय! रोज वापरला तर भरंल की ओ." काकांना आमच्या अकलेची कीव आली. "दुखणंबाणं, बाळंतीण, पाव्हणारावळा आला तर आसू द्यावा म्हणून ठिवलाय. आमचं हाय की रान."

बँकेत ठेव ठेवावी तसा काकांनी खड्डा ठेवलाय. त्यांच्या घरातली सगळी माणसं रोज पहाटे डबा घेऊन ओढ्याकडं जातात आणि खड्डा शाबूत आहे म्हणून निवांत झोपतात. मी निघताना काका ह्यांना हळूच म्हणाले, "सूनबाईंनी लई पाणी तर न्हाई न टाकलं?"

उदगीरकडं

दुसरी पत्रिका माझ्या मावसबहिणीची, शकूची. तिचं गाव कर्नाटकाच्या हद्दीला इतकं चिकटून की घरात मराठी, गोठ्यात कानडी. शकूची जाऊ "बर्री, बर्री" म्हणजे "या, या" करत सामोरी आली. ऊन असं होतं की अंगणातला दगडसुद्धा पाय उचलून घेईल. विहिरी खाली गेलेल्या, टँकरची वाट पाहणारी पिंपं दारोदार उभी. अशा गावात पाहुण्यानं बादलीभर पाणी संडासात ओतायचं म्हणजे जिवावर येतं. मी अर्ध्या डब्यात भागवायचं ठरवलं.

शकूचा संडास परसात, लिंबाखाली. दार वाळवीनं खाल्लं म्हणून तरटाचा पडदा लावलेला. समोर एक चपटा दगड. शकू घाईत होती, चुलीवर येसरची आमटी उतू चालली होती. तिनं डबा भरून त्या दगडावर ठेवला, "जा तू," म्हणाली आणि आत पळाली.

आता शहरातला माणूस काय करील? डबा उचलून आत नेईल. मीही नेला. मला काय ठाऊक, की आत पाण्याचं मडकं वेगळं असतं, आणि बाहेरच्या दगडावरचा डबा, वाऱ्यानं पडू नये म्हणून भरलेला, म्हणजे त्या घरची कडी! डबा दगडावर असला की आत माणूस आहे. डबा नाही, म्हणजे मोकळं. हे घरातल्या शेंबड्या पोरापासून सगळ्यांना माहीत, फक्त मला सोडून.

शकूचे सासरे आले. वय ऐंशीच्या पुढं, कमरेत वाकलेले, अभंग गुणगुणत. माझ्या कानावर अभंग पडला आणि मी खाकरायला घेतलं. पण वर्गात जन्म गेलेल्या बाईला खाकरायची सवय नसते, ओरडायची असते. घशातून जे निघालं ते त्यांना ऐकू गेलं नसावं. त्यांनी पडदा बाजूला केला. मला पाहिलं. "पांडुरंगा!" म्हणाले आणि पडदा सोडून आले त्याच्या दुप्पट वेगानं निघून गेले.

दुपारी पंगतीला ते भिंतीकडं तोंड करून बसले. चूक माझी, आणि शरमेनं ते अर्धमेले झालेले. शकू पदरात तोंड घालून हसतेय, हे ताटात बघून हसतायत. कुंकू लावलेली पत्रिका मी त्यांच्या पाठीमागं उभी राहून दिली. त्यांनी हात मागं करून घेतली आणि भिंतीलाच म्हणाले, "सुखी ऱ्हावा."

आण्णाचं गाव

तिसऱ्या दिवशी सकाळी आण्णाच्या दारात गाडी थांबली तेव्हा मला ना बोलायचं त्राण होतं ना भांडायचं. दोन दिवस पाणी तोडल्यानं डोकं ठणकत होतं. वहिनीनं पायावर पाणी घातलं, गूळ दिला, माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि ओळखलं. "चला," म्हणाली. कमरेची किल्ली काढली.

परसात कोपऱ्याला एक बांधकाम उभं होतं. चार पायऱ्यांचा ओटा, त्यावर निळ्या रंगाची खोली, निळ्याच दाराला कुलूप. लांबून वाटावं कुणीतरी नवा देव बसवलाय. वहिनीनं कुलूप काढलं, आणि आत पांढराशुभ्र कमोड! टाकी, झाकण, सगळं नवंकोरं. झाकणावरचा कंपनीचा कागदसुद्धा काढलेला नव्हता.

"हे कधी?" मी विचारलं.

"दोन वर्सं झाली की. तुमचा गुडघा गेल्याचं फोनवर कळलं, तवापासून तुमच्या भावानं जीव खाल्ला माझा. सुमीला खाली बसता येत न्हाई, सुमी मुक्कामाला यायची कशी? तुमी आलाव कुठं? भाऊबीजेला उभ्या-उभ्या येताव न् पळताव. कुलूप लावून ठिवलंय. सुमीचा हाय म्हणत्यात, कुणाला हात लावू देत न्हाईत."

मी पायऱ्या चढले.

पण आता कमोडचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. गवंड्यानं जन्मात पहिल्यांदा कमोड बसवलेला. पूर्वेला तोंड नको, सूर्यनारायण आहे. दक्षिणेला नको, तिकडं यमराज. पश्चिमेला मारुतीचं देऊळ. राहिली उत्तर, तर उत्तरेला दार आधीच बसवून झालेलं. म्हणून कमोड दाराकडं तोंड करून बसवला, तोही इतका पुढं, की माणूस बसला की गुडघे दाराला लागून दार बाहेर उघडतं. कडी म्हणाल तर पोचतच नाही. म्हणजे एकानं आत बसायचं आणि दुसऱ्यानं बाहेरून दार दाबून धरायचं. वहिनीनं पदर खोचला, दाराला पाठ लावली आणि उभी राहिली.

"बसलाव का वन्सं?"

"बसले."

"मग आता ऐका. भाईर असताना तुमी कुणाचं ऐकत न्हाईत."

मी अडकले. उठून जाणार कुठं?

"तुमचे भाऊ तुमच्या घरी कामून जेवत न्हाईत, ठाव हाय का? दाजी बोलले म्हणून न्हाई. दाजींच्या बोलण्यावर तर ते घरी येऊन हसले. तुमचा संडास हाय ना, त्याच्या एका अंगाला सैपाकघर, दुसऱ्या अंगाला देवघर. त्यात असलं हे कमोट. त्यांनी एकदा आत जाऊन बगितलं. पाय कुठं ठिवायचे तेच कळंना. विचारायचं कुणाला? धाकट्या बहिणीला? दाजीला? घरात वीस माणसं. म्हणून खाल्लंच न्हाई. खाल्लं न्हाई तर जावं लागणार न्हाई."

मी आतून दाराला कान लावला.

"पर सकाळी जावं लागलंच. उजाडायच्या आत तुमच्या फ्रीजमधली पाण्याची बाटली घेतली न् जिने उतरून मागच्या मोकळ्या जागेत गेले. तिथं वॉचमननं धरलं. शिट्ट्या मारल्या. फिरायला आलेली चार माणसं जमली. कुणाकडं आलाव, कितव्या माळ्यावर, नाव सांगा म्हणाले. न्हाई सांगितलं. बहिणीचं नाव सांगितलं तर तिला त्या जिन्यात मान खाली घालून ऱ्हावं लागंल म्हणाले. चोर म्हणले तरी न्हाई सांगितलं. तसेच चालत निघाले ते थेट स्टँड. पिशवीबी ऱ्हायली. मला चार वर्सांनी सांगितलं, तेबी शपथ घालून. आज मी शपथ मोडली, पाप लागंल ते लागंल."

मी कमोडवर बसून रडले. हसायला येत असेल तर हसा. आठ वर्षं मी माझ्या नवऱ्याला बोलत आले आणि भावाशी फुगून बसले, आणि माझा भाऊ माझ्या घरात उपाशी राहिला होता, माझ्या नावाला बट्टा लागू नये म्हणून. मला, त्याच्या शिकलेल्या बहिणीला, एकदाही सुचलं नाही की आल्या पाहुण्याला पाणी विचारावं तसं हेही दाखवून द्यावं.

"वन्सं, झालं का? माझी पाठ दुखायली."

दुपारी जेवायला बसलो. आण्णाला पत्रिका दिली, त्यानं डोक्याला लावली. "चार दिवस आधी यायचं," मी म्हटलं.

"बगू की. रानातलं काम आसतंय."

"एप्रिलात रानात काय आहे रे? ढेकळं?"

तो भाकरीचा तुकडा मोडत राहिला. मला ठाऊक होतं ते त्याला कळू द्यायचं नव्हतं, आणि न कळता तो यायचा नव्हता. काय करावं समजेना. मग मी एकदम कोंबडीचं सांगायला सुरुवात केली. भूस काढणारी गल्ली सांगितली, काकांचा खड्डा सांगितला, आणि मोठ्या भावासमोर कधी बोलले नसते ते पडद्यामागचंही सांगितलं. "पाठीला पत्रिका दिली मी त्यांच्या!" आण्णा हसायला लागला. असा हसला की ठसका लागला, वहिनीनं पाणी दिलं, हे पाठ चोळायला लागले. डोळे पुसत तो म्हणाला, "सुमे, मास्तरीण न् तुझी ही गत?"

"मग काय? सगळ्यांचीच होते. जिथलं ठाऊक नाही तिथं कुणीही आंधळाच."

त्यानं वहिनीकडं एकदा पाहिलं. वहिनी चुलीकडं बघत होती, अगदी निष्पाप.

त्या दिवशी आम्ही मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेत असताना आण्णा जवळ येऊन उभा राहिला. धोतर, टोपी, सगळा बाहेर जायचा पोशाख. इकडंतिकडं पाहून म्हणाला, "तुमच्या घरचं ते आसंच हाय का, आपल्या परसातल्यावानी?"

"अगदी असंच. आणि दाराला कडी लागते."

"मग एकदा दाव की."

छत्तीस वर्षं शिकवतेय मी, पण असा पाठ कधी घेतला नव्हता. मी दारात उभी, आण्णा झाकणावर, धोतर सावरून, दोन्ही हात गुडघ्यावर. "पाय खालीच ठेवायचे. वर चढायचं नाही." "बरं." "झाल्यावर हे बटण दाबायचं." त्यानं दाबलं. वहिनीनं घागरींनी भरलेली टाकी घळघळ सुटली आणि तो दचकून उभा राहिला. "आगं, किती पाणी गेलं!" ओटा उंच, दार उघडं, त्यामुळं बांधावरनं चाललेल्या एका म्हाताऱ्याला सगळं दिसलं. तो थांबला. "आण्णाराव, काय चाललंय?"

"शाळा," आण्णा म्हणाला. जरा वेळानं पुन्हा बसला.

"लाज वाटत न्हाई का गं तुला?" त्यानं मला विचारलं, माझ्याकडं न बघता.

"तेव्हाच विचारलं असतंस तर तेव्हाच दाखवलं असतं," मी म्हटलं. माझा आवाज जरा चढाच निघाला. "आठ वर्षं वाया घालवलीस."

तो हात टेकून उठला, झाकण धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि म्हणाला, "बुधवारी येतो."

नांदेड

बुधवारी आला. वहिनीला घेऊन, आंब्याची पाटी घेऊन. रात्री जेवला, नीट जेवला, मी वाढत होते तोवर नको म्हणाला नाही.

हळदीच्या दिवशी सकाळी घरात पंचवीस माणसं. आतला संडास नवरीनं आणि तिच्या मैत्रिणींनी धरलेला. राहिला बाहेरचा एक, स्वयंपाकघर आणि देवघराच्या मधला, आणि त्याला आतून कडी. पाच मिनिटं झाली, दहा झाली, वीस झाली. दारासमोर रांग. तेवढ्यात वराकडची मंडळी उष्टी हळद घेऊन आली, आणि व्याह्यांनी ह्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. हे घाईनं आले, दार वाजवायला हात उचलला. मी तो वरच्या वर धरला.

"अगं, व्याही आहेत! त्यांना घाई आहे!"

"शेजारी न्या त्यांना. हे दार वाजवायचं नाही."

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि व्याह्यांना घेऊन शेजारी गेले. रांगेतली माणसं कुरकुरली. मी स्वयंपाकघरातनं खुर्ची आणली, दारासमोर टाकली आणि बसले. आतून नळाचा आवाज आला, मग बराच वेळ काही नाही, मग आण्णा अभंग गुणगुणायला लागला. मी त्याला निवांत गुणगुणू दिलं.